विस्तव वाळूत पुरून जाऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आमच्या रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा येतात आणि शेतात पोपटी लागू लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, बटाटे, हवी तर केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी असे थर देऊन तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, वाळका पाला, गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही न घालता अर्ध्या-पाऊण तासात सारे शिजते. हा जाळ जमिनीवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो आणि त्याची राखही लवकर निवते.

अलीकडे मात्र शेतघरांवर आणि किनाऱ्यांवर मुक्कामाला येणारी मंडळी घट्ट झाकणाचे बिडाचे भांडे आणतात आणि ते खड्ड्यात पुरून मटण किंवा कडधान्य शिजवतात. पद्धत मूळची आपली नसली तरी मोठी अक्कलहुशारीची आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात लाकूडतोड्यांच्या छावण्यांवर घेवड्याचे दाणे डुकराचे मांस आणि काकवी घालून असेच रात्रभर पुरून ठेवत. दीड-दोन हात खोल खड्ड्यात जाड लाकडे दोन-तीन तास जाळून निखारे करायचे, थोडे बाहेर काढून भांडे आत बसवायचे, काढलेले निखारे झाकणावर पसरायचे आणि सगळ्यावर माती ओढायची. मातीमुळे हवा तुटते, म्हणून निखारा भडकत नाही, धुमसत राहतो. तीच माती ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि जड बीड ती ऊब धरून ठेवून चहूबाजूंनी सारखी देत राहते. (वालाच्या शेंगांना मात्र मडक्याची सर बिडाला नाही, असे माझे पक्के मत आहे.)

तक्रार आहे ती जेवणानंतरची. भांडे बाहेर निघाले की खड्ड्यावर पायाने वाळू लोटून मंडळी निघून जातात आणि विस्तव विझला असे समजतात. वास्तविक ज्या कारणाने आतले अन्न रात्रभर शिजते, त्याच कारणाने पुरलेला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, आणि वरून ना धूर दिसतो ना लाली. गेल्या जानेवारीत माझा सात वर्षांचा नातू सकाळी किनाऱ्यावर अनवाणी धावताना अशाच एका बुजवलेल्या खड्ड्यात घोट्यापर्यंत गेला. दोन्ही तळवे भाजले आणि तीन आठवडे पोराला उचलून न्यावे लागले. कोणीतरी लगबगीने टूथपेस्ट आणली होती. सुदैवाने शेजारच्या वाडीतल्या बाईंनी ती लावू न देता त्याचे पाय वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरले आणि मगच आम्ही दवाखान्यात गेलो.

आमच्याकडच्या किनाऱ्यांना लागून सुरूची बने आहेत आणि त्यांच्याखाली वाळक्या काड्यांचा थर असतो, हेही ध्यानात घ्यावे. खड्डा बनापासून दूर, उघड्यावर खणावा. तळाशी ओढ्यातले किंवा ओले दगड घालू नयेत, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. शेवटी आधी भांडे बाजूला काढावे, कारण तापल्या बिडावर गार पाणी पडले तर ते तडकते आणि त्या धास्तीनेच पुष्कळ जण खड्ड्याजवळ पाणी आणत नाहीत. मग निखाऱ्यांवर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि हाताला राख गार लागल्यावरच माती लोटावी.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि निवासाची सोय करणाऱ्यांनी यासाठी एखादी जागा आखून तिथे पाण्याचे पिंप व बादल्या ठेवाव्यात, आणि पाहुण्यांना लाकूडफाटा देतानाच खड्डा विझवून दाखवण्याची अट घालावी, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ता. अलिबाग, जि. रायगड