सरासरीसोबत मतांची संख्याही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातील सर्वोत्कृष्ट बिअरच्या याद्या वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यांच्या तळाशी ‘ग्राहकांनी दिलेल्या गुणांवर आधारित’ एवढाच खुलासा असतो. गुण किती जणांनी दिले आणि क्रम कोणत्या हिशेबाने लावला, याचा मात्र पत्ता नसतो. खरी मेख त्या हिशेबातच आहे.

समजा, एका बिअरला पाच जणांनी पाचपैकी पाच गुण दिले आणि दुसरीला आठशे जणांनी सरासरी ४.३ दिले. साध्या सरासरीने पहिली बिअर वरचढ ठरते, मग ते पाच जण ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या, मालकाचे मित्र का असेनात! यावर उपाय म्हणून बिअरअ‍ॅडव्होकेट आणि रेटबिअर यांसारख्या, ग्राहकांकडून बिअरला गुण घेणाऱ्या संकेतस्थळांनी भारित सरासरीचा आधार घेतला. तिची रीत सोपी आहे. प्रत्येक बिअरच्या खात्यात सर्व बिअरच्या सरासरीइतके गुण देणारी काही काल्पनिक मते आधीच जमा धरायची आणि खरी मते त्यांत मिळवायची. सर्वसाधारण सरासरी ३.७ आणि काल्पनिक मते पन्नास धरली, तर पहिल्या बिअरचे गुण ५ वरून सुमारे ३.८२ वर उतरतात, तर दुसरीचे ४.३ वरून जेमतेम ४.२६ होतात. मते वाढत जातील तसतसा काल्पनिक मतांचा प्रभाव आपोआप ओसरतो. नव्या बिअरवर यात थोडा अन्याय होतो हे खरे, पण तो तात्पुरता असतो.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण गुण देणारे सगळे एका मापाचे नसतात. सरसकट साडेचार गुण वाटणाऱ्याने दिलेले चार म्हणजे नापसंतीच असते, तर एरवी तीनच्या वर न जाणाऱ्याने दिलेले चार ही मोठी शाबासकी ठरते. म्हणून प्रत्येकाचे गुण त्याच्याच नेहमीच्या सरासरीशी ताडून पाहणे अधिक न्याय्य आहे. रेटबिअरने पन्नास गुणांची विभागणी केली होती: सुगंधाला १०, रूपाला ५, जिभेवरील पोताला ५, चवीला १० आणि एकूण अनुभवाला २०. त्यामुळे गुण देणाऱ्याला निदान क्षणभर थांबून ग्लासातला फेस आणि रंग पाहावा लागे.

याहून अवघड दोष मतदारांच्या निवडीत आहे आणि तो कोणत्याही सूत्राने पुरता जात नाही. अशा याद्यांचा वरचा भाग इम्पीरियल स्टाऊट प्रकारच्या काळ्याकुट्ट, कडक बिअरनी भरलेला असतो. नेटकी, हलकी पिल्सनर तिथवर क्वचितच पोहोचते. बेल्जियममधील सेंट सिक्स्टस मठातील संन्यासी मर्यादित प्रमाणात बनवतात ती वेस्टव्लेटरेन १२ अनेक वर्षे अशा याद्यांच्या अग्रभागी राहिली. ती उत्तम आहे याबद्दल वाद नाही. पण खटपट करून तिच्यापर्यंत पोहोचलेला माणूस आवडण्याच्या तयारीनेच घोट घेतो, उलट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या लागर बिअरला गुण देणाऱ्यांत ती नाइलाजाने पिणारेही असतात. म्हणूनच प्रत्येक बिअरची तुलना तिच्याच प्रकारातील बिअरशी करणारी क्रमवारी मला एकत्रित यादीपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटते.

तराजू कोणाच्या हातात आहे, हेही वाचकाला कळायला हवे. जगातील सर्वांत मोठी बिअर कंपनी असलेल्या एबी इनबेव्हची रेटबिअरमध्ये भागीदारी असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले, तेव्हा काही स्वतंत्र ब्रुअरींनी आपल्या बिअर तेथून काढून टाकण्याची मागणी केली होती. सूत्रात काही फेरफार झाला असे मी म्हणत नाही. पण स्पर्धकानेच गुणपत्रिका सांभाळावी हे कोणालाही खटकेल.

तेव्हा अशी यादी छापताना प्रत्येक नावापुढे मतांची संख्या आणि बिअरचा प्रकार द्यावा, तसेच गुण साध्या सरासरीचे आहेत की भारित, हे तळटीपेत नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक