टॉवेलची साखर १०२

सोलापूर, ४ मे

चि. अभिला अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा पोचलं. फोनवर सांगायला गेलं की तू "अगं आई, पण" म्हणून मध्येच सुरू होतोस, म्हणून लिहितेय. सगळं वाच, मग फोन कर.

आधी त्या घड्याळाचं. बोट न टोचता रक्तातली साखर सांगतं म्हणून तू हौसेनं घेतलंस. पहिल्या दिवशी उपाशीपोटी ९८, दुसऱ्या दिवशी ९९, आणि पुरणपोळी खाल्ल्यावर १०१. माझी साखर इतकी शहाण्यासारखी आजवर कधी वागली नाही. मग ह्यांनी एक टॉवेल घट्ट गुंडाळला, त्याला घड्याळ बांधलं आणि बटण दाबलं. टॉवेलची साखर १०२! आम्ही दोघं हसून हसून बेजार. पण रात्री अंथरुणात मला राग आला. असला आकडा बघून एखादीनं इन्सुलिनचे युनिट ठरवले तर? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०२४ च्या फेब्रुवारीतच सांगितलंय, की त्वचेत सुई न जाता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नाही. परत घेत असतील तर पाठवून दे. नाहीतर साखर उतरते म्हणून मामानं दिलेल्या विजयसाराच्या लाकडी पेल्याशेजारी जागा आहे. त्या पेल्यात सध्या ह्यांची पेनं असतात.

दुसरं, सिरिंज. इन्सुलिनचं पेन बिघडलं तर असाव्यात म्हणून तू पाकीट घातलंस, विचार चांगला होता. काल शेजारच्या अक्का एक मागायला आल्या. देणारच होते, तेवढ्यात नारिंगी टोपण दिसलं. अक्का बाटलीतलं इन्सुलिन घेतात, ते आपल्याकडे ४० चं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपण म्हणजे १०० ची. तीत त्यांनी नेहमीसारखं वीसच्या रेघेपर्यंत ओढलं असतं, तर अंगात गेले असते आठच युनिट. याच्या उलट केलं, म्हणजे पेनातलं १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमधून वीसच्या रेघेपर्यंत घेतलं, तर पन्नास युनिट. दवाखानाच गाठावा लागेल. मी अक्कांना दोन्ही टोपणं शेजारी ठेवून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं बाई, सुई ती सुई असं वाटायचं मला." मलाही अकरा वर्षांपूर्वी तसंच वाटायचं.

आता दंडाला चिकटवायच्या, सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरबद्दल. तो मात्र तू पाठवलास हे फार बरं केलंस. आधी पाठवलेला एप्रिलमध्ये लावला तेव्हा कळलं, की मी जिला हलका नाश्ता म्हणत होते ती इडलीच मला नडते. चार इडल्या आणि सांबार, दीड तासात २३८. ज्वारीची एक भाकरी, मटकीची उसळ आणि दह्यात कालवलेली शेंगाचटणी, तर १७० च्या आत. जेवून गल्लीत तीन फेऱ्या मारल्या की फोनवरची रेघ डोळ्यांदेखत खाली येते. डॉक्टर हे सगळं वर्षानुवर्षं सांगत होते, मी मान हलवत होते. रेघेपुढे मान हलवून चालत नाही.

पण त्या यंत्राच्या खोडीही आहेत. ते रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतं. चौदा दिवस टिकायला हवं ते आपल्या उन्हाळ्यात, घामानं नवव्या दिवशीच सुटलं. आणि ती रात्र आठवते ना? सेन्सरचा आकडा तुझ्याही फोनवर यायचा, म्हणून अडीच वाजता तुझा फोन. "आई, ५८ दाखवतंय, साखर खा, साखर खा!" मी धडपडत उठले, ह्यांनी ग्लुकोजचा डबा उघडला. आधी बोट टोचलं, तर ११८. मी त्याच दंडावर झोपले होते. दंड दाबला गेला की सेन्सर खोटा आकडा दाखवतो, हे नंतर समजलं. तू पुण्यात पहाटेपर्यंत जागा, आम्ही इथे. खरंच ७०च्या खाली गेली तर काय करायचं ते आम्हाला पाठ आहे : तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

तेव्हा मी ठरवलंय. कालच नवा सेन्सर लावलाय, त्याचा गजर माझ्या आणि ह्यांच्या फोनवर राहील. तुझ्याकडचं बंद केलंय. रुसू नकोस. दुसरा जपून ठेवलाय, गड्ड्याच्या जत्रेत तिळगुळाच्या दिवसांत लावेन. डॉक्टरांना विचारलंय, मधल्या काळात बोट टोचून चालेल म्हणाले. कारण सांगू? महिनाभर तुझा फोन आला की पहिलं वाक्य "१९२ कसे काय?" असायचं. आधी "जेवलीस का?" असायचं.

बोट टोचायचं तर हात धुऊन, हेही शिकले. परवा आंबा चिरून तसंच टोचलं, ३१२. धुऊन पुन्हा टोचलं, १४८.

तुझ्या यंत्रांपेक्षा माझी स्वतःची दोन यंत्रं जास्त कामाची निघाली. एक, कुंभार वेशीतून आणलेली जोड मडकी. मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं. वापरातलं पेन ३० अंशांच्या खाली हवं, आणि मेमध्ये आपल्या घरात दुपारी ते कसं जमणार? मडक्यात जमतं, दिवसातून दोनदा वाळूवर पाणी शिंपडलं की झालं. बंद पेनं फ्रीजमध्ये असतात, पण मागच्या भिंतीपासून लांब. गेल्या वर्षी तिथे चिकटून एक गोठलं होतं, टाकून द्यावं लागलं.

दुसरं यंत्र म्हणजे ह्यांचा दाढीचा आरसा. रोज रात्री तो जमिनीवर ठेवून वरून तळपाय बघते. चैत्रात भर दुपारी सिद्धेश्वराला गेले, अनवाणी, फरशी तापलेली. मधुमेहानं तळपाय बधिर झालेत, त्यामुळे पाय भाजतायत हे मला कळलंच नाही. रात्री आरशात टाचेला रुपयाएवढा फोड दिसला. भरायला तीन आठवडे लागले. आता सकाळी लवकर जाते, सुती मोजे घालून. बाकी वेळ, घरातही, एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल.

वापरलेल्या सुया मी फरशी पुसायच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकते, झाकण घट्ट. घंटागाडीवरच्या बाईंच्या हाताला एकदा कुणाची तरी सुई टोचली होती, तेव्हापासून.

पुढच्या वेळी काही पाठवायचंच असेल तर सेन्सरवर लावायची जास्त चिकट पट्टी बघ. आणि शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार असशील तर आधी कळव, भाकऱ्या टाकून ठेवते.

तुझी,
आई

ता. क. आत्ता १७४ आहे. अर्धा आंबा खाल्लाय. तू विचारणारच होतास, म्हणून आधीच सांगितलं.