मुक्ताच्या निकालानंतर

रत्नागिरी,
२८ मे

प्रिय सुहास,

स. न.

मुक्ताचे मार्क ऐकून इतका आनंद झाला की फोनवर नीट बोलताच आलं नाही. तिला बी.एस्सी. करायचंय आणि वहिनींना पुढची काळजी वाटते, हे तू सांगितल्यापासून मनात घोळतंय. म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ योजना २००८ पासून आहे. बारावीला आपापल्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतलेल्या मुलांना तिच्यातून वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते, एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं. इंजिनिअरिंग-मेडिकलला गेलेल्यांना नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था चालवायची ती किशोर वैज्ञानिक योजनाही २०२२ मध्ये हिच्यातच विलीन झाली.

त्या ८०,००० पैकी ६०,००० मुलांच्या हातात येतात, म्हणजे महिन्याला ५,०००. मेस आणि पुस्तकं त्यात निघतील, वहिनींना एवढं आधी सांग. पण मला बोलायचंय ते उरलेल्या २०,००० बद्दल. ते उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पाच्या मार्गदर्शनासाठी असतात, आणि तो प्रकल्प दरवर्षी करावाच लागतो.

आपलं एफ.वाय. आठव. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वाचा g ९८० आला नाही की आपण मागून आकडे बसवायचो. उत्तर सीनियरच्या जर्नलमध्ये आधीच असायचं. तीन वर्षांत एकदाही आपल्याला कुणी असा प्रश्न दिला नाही, ज्याचं उत्तर सरांनाही ठाऊक नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या मे महिन्यात राजापूरकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे प्रकल्पाला होती, याच शिष्यवृत्तीवर. कातळसड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, आटलेल्या डबक्यांतली माती तिने खरवडून आणली. त्या मातीत फेअरी श्रिम्पची अंडी ऊन सोसत पाऊस येईपर्यंत पडून असतात. नखाएवढे, पारदर्शक, उताणे पोहणारे जीव! माती भिजवली, पंधरा दिवस काही नाही. मी विषय बदलायला सांगणार होतो. तिने मात्र स्वतःहून बोअरचं पाणी सोडून डिस्टिल्ड वॉटर घेतलं. पावसाच्या पाण्यात क्षार कुठे असतात, हा तिचा विचार. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या दारातूनच ओरडली, ‘सर, हलतंय!’ भिंगाखाली पांढरे ठिपके पोहत होते. सुहास, इतकी वर्षं शिकवतोय, पण त्या सकाळी आम्ही दोघंही एकाच बाकावरचे विद्यार्थी होतो.

मुक्ताला हे मिळावं, एवढंच मला वाटतं.

आता कामाचं. मार्कलिस्टची प्रत मला पाठव, बोर्डाच्या कट-ऑफमध्ये बसते का ते बघू. प्रवेश झाला की फॉर्म ऑनलाइन भरायचा, प्राचार्यांच्या सहीचा कागद आधीच घेऊन ठेवायचा. पुढच्या वर्षीचे पैसे गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा अहवाल गेल्यावरच सुटतात. माझ्या एका मुलाने मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र वेळेत घेतलं नाही, त्याचा हप्ता किती महिने अडकला! कट-ऑफमध्ये नाहीच बसली, तरी तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे, त्याचा अर्ज मी स्वतः तिच्याकडून लिहून घेईन.

मृगाचा पाऊस झाला की सड्यावरची डबकी भरतील. चार दिवस काढून मुक्ताला घेऊन ये. गमबूट इथे आहेत.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर