सुट्टीतला खेळ मुलांच्याच हाती राहू द्या

संपादक महोदय,

सुट्टी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून शिबिरे, छंदवर्ग आणि कार्यशाळांची माहिती छापून येऊ लागते. नोकरी करणाऱ्या पालकांना तिचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र या याद्या वाचून असा ग्रह होतो की सुट्टी हा कोरा रकाना असून मोठ्यांनी तो भरला नाही, तर मुलांचा वेळ फुकट जाणार. या समजाला माझी हरकत आहे.

आमच्या इमारतीतल्या मुलांनी या सुट्टीत जिन्यावरचा एक खेळ काढला. वरच्या पायरीवरून चेंडू सोडायचा आणि खालच्या भिडूने तो कितव्या टप्प्यावर झेलला, त्यावरून गुण मोजायचे, एवढाच सुरुवातीचा नियम. मग चेंडू भिंतीला लागून परत आला तर काय, यावर वाद पेटला, खेळ बराच वेळ बंद पडला आणि अखेर भिंतीचा टप्पा धरायचा नाही असे ठरले. पुढे कोणाचा तरी धाकटा भाऊ येऊन बसला. त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतले, पण नुसते नावाला नव्हे. त्याने चेंडू अंगाने अडवला तरी झेल मानायचा, अशी सवलत दिली. (हीच सवलत एका दांडगट मुलाने स्वतःसाठी मागितली, तेव्हा ‘रडीचा डाव’ म्हणून सर्वांनी त्याला गप्प केले.) त्यानंतर एका उत्साही गृहस्थांनी गट पाडून दिले, गुणफलक लावला, बक्षीस जाहीर केले आणि स्वतः पंच म्हणून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जिना रिकामा होता आणि मुले मागच्या बाजूला जुन्या खोक्यांचे काहीतरी निराळेच करत होती.

अशा भांडणांकडे आपण कटकट म्हणून पाहतो आणि ती मिटवायला धावतो, परंतु खेळातले महत्त्वाचे काम तिथेच चाललेले असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे बारकाईने निरीक्षण करून १९३२ साली दाखवून दिले की लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात. बरोबरीच्या सवंगड्यांशी खेळत-खेळत दहा-अकरा वर्षांच्या सुमारास त्यांना उमगते की सर्वांची संमती असेल तर नियम बदलता येतो. पंचाच्या शिट्टीवर चालणाऱ्या खेळात निर्णय आयता हाती पडतो. मग आपला मुद्दा पटवून देणे, माघार घेणे आणि डाव मोडू नये म्हणून तडजोड करणे मुलांनी करायचे कुठे?

साधनांच्या बाबतीतही आपण उगाच खर्चात पडतो. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सोरेनसन यांच्या ध्यानात आले होते की मुले त्यांच्यासाठी बांधलेली नीटस क्रीडांगणे सोडून इतरत्र, टाकाऊ सामानातच जास्त रमतात. या निरीक्षणातून १९४३ साली, ऐन महायुद्धात, कोपनहेगनमधील एमद्रुप येथे असे मैदान सुरू झाले, जिथे सुट्या, टाकाऊ सामानातून मुले आपल्या मनाप्रमाणे बांधत आणि मोडत. घसरगुंडीवरून घसरण्यापलीकडे फारसे करता येत नाही. दोरी, खोके आणि जुनी चादर यांचे काय होईल, हे मुलांनाही आधी ठाऊक नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ नुसार विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे. त्या कलमावर बालहक्क समितीने २०१३ साली केलेल्या विवेचनात तर खेळ म्हणजे मुलांनी स्वतः सुरू केलेली, स्वतःच्या ताब्यात ठेवलेली आणि स्वतःच आखलेली कृती, असे स्पष्ट म्हटले आहे. हा निकष लावला, तर सुट्टीत आपण ‘खेळ’ म्हणून पैसे मोजून जे घेतो, त्यातले पुष्कळसे वर्गाचेच दुसरे रूप ठरेल.

मुलांना वाऱ्यावर सोडावे, असा याचा अर्थ नाही. लहानांवर कोणाची तरी नजर हवी आणि धोक्याच्या जागा बंदच हव्यात. मोबाइल हाती असेल तर कंटाळा पुरता येण्याआधीच त्याची सोय लागते, म्हणून तो काही तास दूर ठेवावा लागेल. ज्यांना शिबिराशिवाय पर्याय नाही, त्यांनी चालकांकडे रोज एका मोकळ्या तासाचा आग्रह धरावा, ज्यात कार्यक्रम नसेल आणि ताई-दादा लागल्यास मदतीला असतील, पण खेळ सुचवणार नाहीत. निवासी संकुलांच्या व्यवस्थापनांनी ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ या पाट्या किमान सुट्टीपुरत्या उतरवाव्यात. वाहनांना जागा आखून देता येते, तर मुलांनाही देता येईल.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत शिबिरांच्या यादीशेजारी एक छोटा स्तंभ मुलांनी सुट्टीत काढलेल्या खेळांसाठी ठेवावा. खेळ त्यांनीच कळवावेत, नियम त्यांच्याच शब्दांत छापावेत, अर्धवट किंवा अजून वादात असले तरी चालतील. फक्त त्यातून उत्कृष्ट खेळ निवडून बक्षीस देण्याचा मोह कृपया टाळावा.

आपला नम्र,
एक वाचक