ट्रंकेतल्या लुगड्यांविषयी

सोलापूर

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडले हे दादाने कळवले तेव्हाच लिहिणार होते. जे सांगायचे आहे ते फोनवर सांगितले असते तर आईने पुढचे ऐकूनच घेतले नसते, म्हणून सविस्तर लिहिते. माळ्यावरची ट्रंक मी उघडली आणि तिच्यातली लुगडी, जुन्या साड्या व बाबांची धोतरे कापली.

आई, लगेच रागावू नकोस. प्रत्येक कापड मी उजेडात धरून पाहिले. डांबरगोळ्या असूनही घडीच्या रेषेवर सूत इतके विरले होते की आजीची चंद्रकळा नुसती उलगडताना चिरली. नेसण्यासारखे त्यात काही उरले नव्हते आणि बोहारणीला द्यायचे नाही, हे तर तुझेच म्हणणे. इरकलीचा टोपपदर आणि आत्याच्या लग्नातला शालू यांना कात्री लावलेली नाही. तुझी वाकळ आणि बाबांनी स्वतः मागावर काढलेली मयूरपंखी चादर कॉटवर जशीच्या तशी आहे, तेव्हा आल्यावर पांघरुणाचे हाल होणार नाहीत.

या कापडांची मी गोधडीच शिवते आहे, मात्र ती भिंतीवर लावायची आहे आणि तिच्यावर नान्नजचा माळ व तिथली पाखरे आहेत. भिंतीला गोधडी टांगून कुणाची थंडी जाणार, असे तू म्हणशील, आणि ते खरेही आहे. पण हे विरलेले सूत पांघरण्याधुण्यात एक हिवाळाही टिकले नसते.

मधोमध माळढोक आहे. बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून दाखवायला नेले होते, तोच. १९७९ साली तिथे अभयारण्य झाले, तरी आज देशात उरलेले बहुतेक माळढोक जैसलमेरच्या बाजूला आहेत, त्यामुळे आठवणीला फोटोंची जोड द्यावी लागली. नर मीटरभर उंच असतो. त्याच मापात तो खाकी कागदावर काढला, कागदाचे तुकडे कापडावर ठेवून कापले आणि कडा आत दुमडून हाताने टाचल्या. मान तुमच्या धोतराची आहे, डोक्यावरची काळी टोपी आणि छातीवरचा पट्टा चंद्रकळेचा. पाठीवरच्या पिसांची नक्षी मात्र कापडाने साधत नव्हती. तिथे तपकिरी लुगड्यावर इतका दाट धावदोरा घातला आहे की हात फिरवला तर पिसे बोटांना लागतात.

ज्वारी कणसात आली की मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्यांचा थवा वरच्या कोपऱ्यात आहे. त्यांचे गुलाबी अंग, आई, तुझ्या डोहाळजेवणाच्या साडीचे. आधी तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिला. रंग सुटला नाही. लाल काठांचा सुटला, म्हणून ते वगळले.

बाभळीला सुगरणीचे घरटे लोंबते आहे. ते विणतो नर, आणि त्याच्यासाठी मी माझ्या हळदीची साडी कापली. रातपाळीहून आल्यावर बाबांच्या केसांत अडकलेली कापसाची तुसे वेचायला मी त्यांच्या मांडीवर चढून बसत असे आणि ते बसल्या बसल्या झोपी जात. तो पिवळा नर त्यांचाच आहे, त्यावर दादाने हक्क सांगू नये.

आता नीट ऐका. डोळ्यात औषध घड्याळ लावून घालायचे. डोळा चोळायचा नाही, खाली वाकून चप्पल शोधायची नाही, आंघोळ मानेखालूनच करायची. आईने रक्तदाबाची गोळी 'बरे वाटते आहे' म्हणून परस्पर बंद करू नये आणि दादाच्या घरी बादल्या उचलण्याचा पराक्रम करू नये. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते आहे. बाबांनी भाकरी आमटीत कुस्करूनच खावी. तुळशीला रोज पाणी घालते. तुम्ही दोघे इथे नाही म्हणून मी परस्पर ठरवले असे मनात आणू नका. तुम्ही असता तर आईने एकेक लुगडे माझ्या हातातून काढून पुन्हा ट्रंकेत ठेवले असते, आणि मलाही मग कापवले नसते.

वरच्या कडेला मागून नेफा शिवून त्यात काठी घालीन. मागचे अस्तर उरलेल्या धोतरांचे लावू की नवा मांजरपाट आणू, हे आईने सांगावे. दुपारची झोप झाल्यावर फोन करा, त्याआधी नको.

तुमची,
बेबी