अंगारा नाही गं आई, अङ्हारद

आई, बाबा,

नाव परवा नोंदवलं. इथे वेल्समध्ये बाळ 42 दिवसांचं व्हायच्या आत नोंद करावीच लागते, आमचे 39 झाले होते. तरी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात, ते मनातून जात नाहीये.

आईला ते 'अंगारा' ऐकू आलं. ते अङ्हारद आहे. 'वाङ्मय'मधला ङ, बाबा, तुम्ही पाटीवर गिरवून घ्यायचात तोच. जोर 'हा'वर. वेल्शमध्ये 'कार' म्हणजे माया. त्याच्याआधी 'अन्' लागला की 'क'चा 'ङ्ह' होतो. आपला 'अन्' नकाराचा, इथला हा वाढवणारा. खूप खूप लाडकी, एवढाच अर्थ. काहीतरी नव्या फॅशनचं नाव नाही हो. आम्ही राहतो त्या ग्विनेदच्या ग्रिफिद राजाची राणी याच नावाची, 1162 मध्ये वारली. अङ्हारद वेर्ख ओवाइन, म्हणजे ओवाइनची मुलगी. आपल्यासारखंच, नावामागे वडिलांचं नाव.

आणि रीसला ज्या आजीने वाढवलं, तिचंही हेच नाव. गेल्या वर्षी ती गेली. त्याने मागितलं नव्हतं, मीच म्हटलं, हेच ठेवू.

आपल्या आजीचं नाव मी सोडून दिलेलं नाही. मे महिन्यात तुम्ही आलात की बारसं करू. पाळण्यातलं नाव जानकीच, आणि कानात तुम्हीच सांगायचं, बाबा. आई, तू दिलेल्या पुडीतला अंगारा आंघोळ झाली की रोज तिला लावते. बोटाला उरतो तो माझ्या कपाळाला, तू लावून घ्यायचीस तसा.

तुमची खोली खालीच आहे, जिना चढायचा नाही, बाथरूम शेजारी. तूरडाळ, आंबेमोहोर, सगळं मिळतं, तेव्हा बरण्या आणू नकोस, स्वेटर आण. साखर तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, दादाला नाही. बाबा, बीपीची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. "आज बरं वाटतंय" हे ऐकून घेणार नाही.

रविवारी फोन करते. तेव्हा तिला एकदा नावाने हाक मारा ना, बाबा. उच्चार चुकू दे. आवाज आला की ती हातपाय हलवायची थांबते आणि ऐकत राहते.

तुमची,
मनू