गोळ्या संपल्या, सोनोग्राफी संपलेली नाही

संपादक महोदय,
स. न.

२८ जुलैच्या जागतिक हेपटायटिस दिनाला 'हेपटायटिस सी आता पूर्ण बरा होतो' असे मथळे हमखास येतात. ते खोटे नाहीत. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या रक्तातून यकृत खराब करणारा हा विषाणू कायमचा जातो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात. पण विषाणू गेला म्हणजे जिवाचा धोकाही गेला, हा अर्थ सर्वांना लागू होत नाही.

ब्रिटिश कोलंबिया, स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये नव्या गोळ्यांनी बरे झालेल्या सुमारे २१,८०० जणांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या किमान तिप्पट, काही गटांत चौदापटीच्या घरात निघाले. सिरॉसिस (यकृत कडक होऊन त्यात गाठी धरणे) नसलेल्यांच्या मृत्यूंत अमली पदार्थांचा वाटा मोठा होता. आपल्याकडे अनेकांना हा आजार रक्त चढवताना, डायलिसिसवर किंवा नीट न उकळलेल्या सुयांतून लागलेला असतो, त्यामुळे तो भाग इथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. सिरॉसिस झालेल्यांची कारणे मात्र इथलीच आहेत : यकृताचा कर्करोग आणि यकृत निकामी होणे.

म्हणून औषध घेऊन उपयोग नाही, असे कोणी समजू नये. यकृत बरेच कडक झालेल्या ५३० रुग्णांच्या २०१२ मधील अभ्यासात विषाणू गेलेल्यांपैकी दहा वर्षांत शेकडा ९ दगावले, न गेलेल्यांपैकी २६.

रुग्ण 'व्हायरल लोड', म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, लाखात आला की घाबरतात आणि हजारांत आला की निश्चिंत होतात. दोन्ही व्यर्थ, कारण त्या आकड्यावरून यकृताची हालत कळत नाही. तिचा अंदाज येतो फिब-४ या साध्या हिशेबावरून, आणि त्यासाठी लागणारे आकडे नेहमीच्या रिपोर्टात असतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ). एसजीओटी व एसजीपीटी म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. समजा वय ५२, एसजीओटी ८८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.१० लाख. लाखाचे हजार करायला विसरू नका, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ४५७६ भागिले ८८० म्हणजे ५.२. उत्तर ३.२५ च्या वर गेले की सिरॉसिसचा दाट संशय धरायचा, १.४५ च्या खाली असले तर तो बहुधा नाही, मधल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करावा.

हा हिशेब पहिली गोळी घेण्याआधीचा हवा. विषाणू गेला की यकृताची सूज उतरते आणि याच रुग्णाचे एसजीओटी ३०, एसजीपीटी २५, प्लेटलेट १.२० लाख असे येऊ शकतात. वर्षभराने फिब-४ भरतो २.६५. कागदावर रुग्ण ३.२५ च्या खाली, आत गाठी धरलेले यकृत तेच. ते निवळायला वर्षे लागतात, काहींचे निवळतच नाही, आणि कर्करोग अशाच यकृतात होतो.

सिरॉसिस झालेल्याने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. कर्करोगाची गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती जाळता किंवा कापून काढता येते. पोटात पाणी होऊन किंवा कावीळ होऊन ती कळली, तर फारसे काही हाती उरत नाही. प्लेटलेट दीड लाखाखाली असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपीबद्दल डॉक्टरांना विचारावे. दारू पूर्ण बंद, थोडीसुद्धा नाही. आणि काविळीची मुळी देणाऱ्याकडे तर जाऊच नये.

गोळ्यांआधी हेपटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर सी जाताना दबलेला बी उसळतो. टीबीचे रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्यांचा असर उतरतो, ते आधी सांगावे. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए चाचणी, म्हणजे रक्तात विषाणू उरला आहे का हे पाहणारी तपासणी, करावी. अँटिबॉडी चाचणी विषाणू गेल्यावरही जन्मभर पॉझिटिव्हच राहते, ती पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नयेत.

उपचार केंद्रांना विनंती आहे की उपचार संपल्याच्या कागदावर 'विषाणू आढळला नाही' एवढेच लिहून रुग्णाला मोकळे करू नये. उपचारापूर्वीचा फिब-४ आणि सिरॉसिस असल्यास पुढच्या सोनोग्राफीची तारीख त्याखाली लिहावी. ज्यांचे उपचार आधीच झाले आहेत, त्यांनी जुनी फाईल काढून गोळ्यांपूर्वीचे आकडे वरच्या सूत्रात घालावेत. उत्तर ३.२५ च्या वर आले, तर आताचे रिपोर्ट कितीही चांगले असोत, ती फाईल घेऊन डॉक्टरांकडे जावे.

- एक यकृतविकारतज्ज्ञ, पुणे